समोरच्या दवाखान्यातली रिकामी बाकं

माझ्याच हाताखाली शिकलेल्या तरुण डॉक्टरनं पुंडलिकनगरात माझ्या दवाखान्यासमोरच पाटी लावली, तेव्हा माझा नुसता जळफळाट झाला. कातडीचा डॉक्टर म्हणून मी इथं उभी हयात घालवली, आणि याला अख्ख्या शहरात दुसरी जागा सापडली नाय? वर पेढे घेऊन आला, पाया पडला. पेढा मी खाल्ला, पण गोड लागला नाही.

मग मला छंदच जडला. दोन पेशंटच्या मधे पडदा सारून त्याची बाकं बघायची. कायम रिकामी. एखादं माणूस टेकायचं, तेही लगेच आत. माझ्याकडं मात्र सिल्लोड, शेंद्र्याकडून आलेल्यांची रस्त्यापर्यंत रांग. मी राहतो वरच्याच मजल्यावर, तरी मुद्दाम उशिरा उतरायचो. गर्दी दिसली की गर्दी वाढते, हे माझं धंद्याचं गणित. बायकोला म्हणायचो, "बघ, दिवाळीच्या आत शटर ओढतोय तो."

"तुम्ही आधी खाली जा. लोक खोळंबलेत," ती म्हणायची.

शटर काही पडेना. उलट त्यानं शेजारचा गाळाही घेतला. माझी रांग मात्र आता बाकांवरच मावायला लागली.

एका दुपारी सिल्लोडची एक चाची त्याच्या दारातून बाहेर पडताना दिसली. वर्षानुवर्षं माझ्याकडं येणारी बाई. मी लाज सोडून रस्ता ओलांडला नि विचारलं, "चाची, माझ्या मलमानं गुण येत नव्हता का?"

"नै डॉक्टरसाब, मलम तो तुमाराच अच्छा," ती म्हणाली. "पर ये फोन पे टाइम देता, उसी टाइम पे अंदर बुलाता. तुमारे पास बैठी तो सिल्लोड की बस निकल जाती."

अंगाचा तिळपापड झाला. औषधात हरलो असतो तर एकवेळ मानलं असतं. त्या रिकाम्या बाकांवर मी इतके दिवस खूश होतो, आणि हा त्याच रिकाम्या बाकांच्या जोरावर माझी माणसं नेत होता.

तसाच परत आलो. बसलेल्यांपुढं उभा राहून पहिल्यांदाच विचारलं, "गावाकडची बस कुणाकुणाला गाठायचीय?"

जवळपास सगळेच हात वर झाले. कोपऱ्यातली म्हातारी तर पिशवी उचलून उभीच राहिली आणि मोठ्या आशेनं म्हणाली, "मग आम्ही समोर गेलं तर चालंल का, डॉक्टरसाहेब?"