दिव्याच्या पदाला वन्स मोअर

आमच्या घरात 'नाटक' म्हटलं की एकच नाटक. बाकीच्या नाटकांना नावं असतील, हे नुसतंच नाटक. त्याचं नाव घ्यायची गरज आमच्याकडे कधी कुणाला पडली नाही, म्हणून मीही घेत नाही. जुनं संगीत नाटक, पाच-पाच तास चालणारं, राजवाडा, वनवास, ताटातूट, सगळं व्यवस्थित असलेलं. आणि त्यात दुसऱ्या अंकात दिव्याचं पद.

अकोल्याजवळ अकोट रस्त्यावर आमचं फुलांचं वावर आहे. शेवंती, निशिगंध, झेंडू. बाबा तरुण होते तेव्हा नाटक कंपनीचा मुक्काम अमरावतीला पडला की हार-वेण्यांचं काम त्यांच्याकडे यायचं. अकोल्याहून एसटीच्या टपावर फुलांची टोपली टाकून ते निघायचे, ऑर्गनला हार, तबल्याला हार, नायिकेला वेणी असं पोचतं करायचे आणि मग पडद्याच्या बाजूला, ऑर्गनवाल्याच्या पाठीशी बसून राहायचे. तिथून रंगमंच म्हणजे एक खांब आणि नायकाची अर्धी पाठ दिसायची. म्हणून बाबा कधी 'नाटक पाहिलं' म्हणत नाहीत, 'नाटक ऐकलं' म्हणतात. नायिका गोरी होती की सावळी, हे त्यांना आजही सांगता येणार नाही. तिनं कुठे श्वास घेतला ते विचारा.

तर हे नाटक कुठल्याशा नव्या मंडळींनी पुन्हा उभं केलं आणि अमरावतीला दुपारचा प्रयोग लागला, तेव्हा आमच्या घरी काय झालं असेल? उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. प्रयोगाला महिना होता आणि बाबांनी धोतर परटाकडे दिलं. ते इस्त्री होऊन आलं, कपाटात ठेवलं, आणि चार दिवसांनी घडी मोडली म्हणून पुन्हा दिलं.

पण या उतावळेपणाला एक कारण होतं आणि ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. बाबांचा डावा कान केव्हाच गेला. उजव्यात थोडं उरलं होतं आणि तेही फार दिवसांचं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. कानाची मशीन आणली, पण ती शिट्ट्या मारते आणि बाबांच्या मते त्या मशीनमधून बायको आन् बस सारखीच ऐकू येते. ती बहुतेक वेळ सदऱ्याच्या खिशात असते. प्रयोगाची बातमी मी आणली तेव्हा बाबा माझा हात धरून म्हणाले, "कान हायेत तवर एकदा थे दिव्याचं पद आयकू दे मले. मंग गेले तं गेले."

मी शाळेत गणित शिकवते. सुरांचं आणि माझं जन्मापासून वाकडं आहे. घरातल्या या नाटकवेडाची मी आयुष्यभर टर उडवली. पण हे वाक्य ऐकलं आणि तिकिटं काढायचं मी आपणहून अंगावर घेतलं.

तो महिना आमच्या अंगणात रोज सकाळी चहाला तीन-चार म्हातारे जमायचे. सगळे बाबांच्या वयाचे, सगळे नाटक 'ऐकलेले'. नमन पूर्ण घेतील की आटोपतं, यावर भांडणं. नमनाला घडाभर तेल पाहिजेच, नाहीतर मंडळी बसणार कशी, असं बाबांचं मत. दुसरे एक जण म्हणायचे की तेल महाग झालं, आता चमचाभरच मिळेल. नायिकेच्या गळ्याबद्दल तर असं बोलायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, पोरीचं लग्न जमवत आहेत. "पोरगी गाऊन गाऊन गाईन किती? तानेले दम लागते, भाऊ!" चहा संपला तरी वाद संपायचा नाही. आई दुसरा चहा टाकायची आणि ओसरीत बसून वेणी गुंफत राहायची. ती या चर्चेत कधी पडली नाही.

माझ्याकडे काम होतं बसण्याच्या जागांचं. उजवा कान रंगमंचाकडे हवा, म्हणजे सभागृहाच्या डाव्या टोकाला बसायचं. त्यांच्या उजव्या हाताला आई आणि डाव्या हाताला, निकामी कानाच्या बाजूला, मी. माझ्या गणिताचा घरात पहिल्यांदा काही उपयोग झाला. मी तिकीट विकणाऱ्याला फोन करून अशाच तीन जागा मागितल्या. माणूस बोलका होता. "घ्या ना ताई, बिनधास्त घ्या. वडीलधाऱ्यांना त्रास नाही होणार. अडीच तासांत आटपते आता. लांबलांब पदं काढून टाकली. दुसऱ्या अंकातलं ते दिव्याचं तर पूरंच गेलं."

मी तिकिटं सांगितली आणि फोन ठेवला.

आईला सांगितलं. ती देठं खुडत होती. हात थांबले नाहीत.

"तुया बाबाले सांगू नको," ती म्हणाली. "महिना झाला, मानूस खुशीत हाये."

"अगं पण तिथं गेल्यावर कळेलच ना!"

"तवाचं तवा पाहू."

इथे आईचं आणि त्या पदाचं सांगायला हवं. लग्न होऊन ती आली तेव्हा तिला नाटकातलं ओ की ठो माहीत नव्हतं. बाबांच्या गुणगुणण्यातून ती ते पद शिकली. पहाटे हार गुंफताना म्हणायची. पण एका जागी, जिथे सूर उतरायला हवा, तिथे आई चढते. मला सूर कळत नाही, तरी हे मला माहीत आहे, कारण बाबांनी ते घरी आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. एकदा चार पाहुण्यांसमोर ते हसत म्हणाले, "तू हार गुंफ वं, गानं कंपनीवर सोड." सगळे हसले, आईही हसली. बाबा बोलले आणि विसरले. आई रागावली नाही, पण तेव्हापासून बाबा घरात असताना तिच्या तोंडून सूर निघाला नाही. ते फुलं घेऊन बाजारात गेले की मागे गुणगुणायची आणि परत यायच्या वेळेला गप्प. आम्ही मुलांनी ते पद आईकडूनच ऐकलं, चुकीच्या जागेसकट. मला तर खरं कोणतं ते आजही सांगता यायचं नाही.

प्रयोगाच्या दिवशी आम्ही एसटीनंच निघालो. गाडीनं नेते म्हटलं तर बाबा म्हणाले, नाटकाला एसटीनंच जातात. मांडीवर टोपली, वर ओलं फडकं, आत शेवंतीचे दोन हार आणि आईनं गुंफलेली वेणी. कंडक्टरनं विचारलं, "काय बाबा, लगन हाये काय?" बाबांना ऐकू गेलं नाही. आईनं कानाशी जाऊन ओरडून सांगितलं. "लगन नाई भाऊ, नाटक!" बाबा सगळ्या बसला ऐकू जाईल असे म्हणाले. मूर्तिजापूर येईस्तोवर ते बोटांनी टोपलीवर ठेका धरत होते. आई खिडकीबाहेर कापसाची वावरं बघत होती आणि मी आईकडे. हिच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलत नव्हती.

सभागृहाशी पोचल्यावर फुलं द्यायच्या निमित्तानं मी एकटीच मागे गेले. ऑर्गनवर बसणारा मुलगा पंचविशीचा होता. हार पाहून त्यानं वाकून नमस्कार केला. मी म्हटलं, "दिव्याचं पद घ्या ना. एकच कडवं घ्या. माझे वडील फक्त त्याच्यासाठी आलेत." मुलगा भला होता. त्याचा चेहरा पडला. "ताई, ते आमच्याकडे बसवलंच नाही. नायिकेलाही येत नाही, मलाही नाही." वेणी मात्र नायिकेनं स्वतः येऊन घेतली आणि तिथल्या तिथे माळली. मी परत येऊन जागेवर बसले. आईनं माझ्याकडे पाहिलं, मी नकारार्थी मान हलवली, तिनं पदर सारखा केला.

नमन चमचाभर तेलातच उरकलं. बाबांनी तेवढं सोसलं. त्यांनी मशीन कानात घातली होती, डोळे मिटले होते आणि पहिला अंकभर त्यांचा चेहरा इतका उजळलेला होता की मी रंगमंचाकडे क्वचितच पाहिलं. पद सुरू व्हायच्या आधीच त्यांची मान हलायची. कुठे दाद द्यायची ते त्यांना पाठ होतं. दोनदा त्यांनी वन्स मोअर दिला, दोन्ही वेळा तिनं पद पुन्हा म्हटलं. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं मागे वळून कौतुकानं पाहिलं. मला वाटलं, इथेच उठावं आणि यांना घेऊन घरी जावं.

दुसरा अंक. रात्र. नायिका वाट पाहून थकते, दिवा मालवायला उठते. बाबांनी उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर तयार ठेवली. ती दिव्यापाशी गेली. तिनं दिव्याकडे पाहिलं. ऑर्गन गप्प होता. ती फुंकर घालायला वाकली, पण न घालताच तिनं पाठ फिरवली, उजेड बदलला आणि सेवक येऊन पाहुण्यांच्या घोड्यांबद्दल काहीतरी सांगू लागला.

बाबांची बोटं तशीच वर राहिली. त्यांनी डोळे उघडले. मशीन कानातून काढली, तळहातावर आपटली, पुन्हा घातली. मग माझ्याकडे वळून, आपण हळू बोलतोय असं समजून, म्हणाले, "झालं काय वं पद? मले आयकू नाई आलं. गेला वाटते हाही कान."

मी तयारी केली होती ती त्यांच्या रागाची. 'काढून टाकलं? पद काढून टाकलं?' असे ते गरजतील, मी समजूत घालीन, असं सगळं ठरवून आले होते. ते पदाला सोडून स्वतःच्या कानाला दोष देतील हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला रडू फुटलं. अंधार होता म्हणून बरं.

तेवढ्यात आईनं हात लांब करून बाबांच्या कानातली मशीन काढली आणि स्वतःच्या मुठीत धरली. ती त्यांच्याकडे कलली, उजव्या कानाला तोंड लावलं आणि दिव्याचं पद म्हणायला लागली.

अगदी हळू. मला शब्द ऐकू येत नव्हते, नुसता तिचा श्वास आणि मधूनच एखादा सूर. मागून कुणीतरी शुकशुक केलं. आई थांबली नाही. माणसांत मोठ्यानं न बोलणारी माझी आई भरल्या सभागृहात नवऱ्याच्या गालाला गाल लावून गात होती. बाबांची बोटं गुडघ्यावर हलायला लागली. पहिलं कडवं, दुसरं कडवं. ती जागा कधी आली ते मला बाबांच्या बोटांवरून कळलं. बोटं क्षणभर अडखळली आणि मग आईच्या मागोमाग गेली.

पद संपलं. आई सरळ बसते न बसते तोच बाबांनी उजवा हात वर केला आणि घसा फोडून ओरडले, "वन्स मोअर!"

रंगमंचावर सेवक घोड्यांना चंदी घालायला निघाला होता, तो जागच्या जागी थिजला. सगळं सभागृह चपापलं. पण आमचा वऱ्हाडी प्रेक्षक! एकानं वन्स मोअर दिला की बाकीच्यांना राहवत नाही. कशाला दिला हे नंतर विचारायचं. मागच्या रांगांतून "वन्स मोअर! वन्स मोअर!" सुरू झालं. नायिका गोंधळली, ऑर्गनवाल्या मुलानं आमच्या दिशेनं पाहिलं आणि तो हसला. मग तिनं रिवाज पाळला. वन्स मोअरला नाही म्हणायचं नसतं. हात जोडून, मोठ्या नाटकी आवाजात तिनं आपलं वाक्य पुन्हा म्हटलं: "घोड्यांना चंदी घाला आणि पाहुण्यांना पाणी द्या!" टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं.

आईनं पदर तोंडावर ओढून घेतला होता. "काय हे, लोक हासून राहिले," ती पुटपुटली. ते बाबांना ऐकू जाणं शक्य नव्हतं. रंगमंचावर काय चाललंय याकडेही त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी तिचं कोपर धरून हलवलं.

"कंपनीले नाई," ते म्हणाले. "तुले म्हनलं."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "वन्स मोअरला नाही म्हणत नाहीत."

तिनं पदर खाली घेतला, पुन्हा कलली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. समोर नाटक पुढे गेलं होतं, वनवास सुरू झाला होता. आमच्या तिघांचा दुसरा अंकच चालू होता. ती जागा आली. आई पुन्हा चढली. बाबांनी डोळे मिटून मान डोलावली.