चावलेली कॉलर

जिन्याखालच्या अडीच हात जागेत टाकेमावशीचं शिवणयंत्र, कापायचं टेबल आणि तोंडाचा पट्टा, तिन्ही दिवसभर चालू असायचे. गणवेश दुरुस्त करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, फटकळपणातही नव्हतं. “गुडघ्यावर चालत शाळेत जातोस का रे?” असं विचारून पोराला हसवल्याशिवाय ती सुई हातात घेत नसे.

वरच्या मजल्यावर एका खोलीत सहा माणसं राहायची. त्यातल्या आठ वर्षांच्या मुलीची कॉलर तिसऱ्यांदा दुरुस्तीला आली, टोकं चावून चावून लगदा झालेली. आई रडकुंडीला आली होती. मावशीनं नवी कॉलर बसवली आणि नखं कुरतडणाऱ्या पोरांच्या बोटांना लावतात ते कडू औषध कॉलरच्या टोकांना चोपडलं. “आता चावून दाखव म्हणावं,” ती म्हणाली. स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश होती बाई.

कॉलर शाबूत राहिली. पंधरा दिवसांनी मुलगी फ्रॉकचं माप द्यायला आली, तेव्हा तिची एक भुवई अर्धी गायब होती. एकेक केस उपटला होता.

मावशीच्या हातातली टेप हातातच राहिली. पोरीला आपण आगीतून फुफाट्यात ढकललं, हे तिला कळलं. त्या दिवशी तिनं स्वतःला दिलेल्या शिव्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

“कधी उपटतेस गं?”

“बाबांचं काम सुटलंय ना. सगळे भांडतात तेव्हा.”

“मग बाहेर जाऊन बसावं की.”

“बाहेर कुठे?”

बाहेर जिना होता आणि जिना संपला की ट्रकचा रस्ता.

कापायच्या टेबलाखाली वीस वर्षांच्या चिंध्यांची गाठोडी होती. कधीतरी उपयोगी पडतील म्हणून जिवापाड जपलेली. मावशीनं ती भंगारवाल्याला दिली आणि टेबलाला जुन्या चादरीचा पडदा लावला. “ही तुझी खोली. भाडं नाही. बोलायची सक्ती नाही.”

मग तिनं आईला गाठलं. “सरकारी दवाखान्यात मुलांच्या मनाचे डॉक्टर बसतात. मी येते सोबत.”

“वेडी झालीय का ती?”

“वेडी कशानं होईल? तुम्ही मोठ्यांनी करायची काळजी ती करतेय.”

शाळा सुटली की मुलगी पडद्याआड जायची. यंत्राच्या घरघरीत कधीकधी तिला चक्क झोप लागायची. दवाखान्याच्या चार-पाच फेऱ्या झाल्या. बापाला काम मिळालं नव्हतं, पण भुवई हळूहळू भरत आली. कॉलर ती अजून अधूनमधून चावायची. मावशी नवी बसवून द्यायची, औषधाशिवाय.

एका दुपारी ती वर्गातल्या एका मुलीला घेऊन आली. त्या मुलीच्या बाहीची कड ओली आणि कुरतडलेली होती. हिनं पडदा उचलला. “जा आत. भाडं नाही. बोलायची सक्ती नाही.”

“आणि तू?” मावशीनं विचारलं.

“दोघी नाही मावणार. मी इथे बसते. मला बटण लावायला शिकव.”

मावशीनं स्टूल पुढे सरकवलं. त्या दुपारी पोरीला हसवायचं राहूनच गेलं; मावशीनं सुईत दोरा ओवला आणि सुई तिच्या हातात दिली.