दानात गेलेला रेडिओ

बायको गेली त्याचा राग आधी देवावर होता. तेराव्यानंतर तो पोरावर आला, मंग भावकीवर, मंग जालन्याच्या दुकानदारावर. मी चौथी शिकलेला माणूस. राग कुठं ठेवायचा असतो ते मला कोनी शिकवलं न्हाई. जो समोर येईल त्याच्या अंगावर जातो.

आमच्या घरात दोन म्हाताऱ्या होत्या. एक माझी बायको अन् दुसरी माझी थोरली बहीण, आक्का. आक्का ऐन उमेदीत विधवा झाली, तवापासून आमच्याकडंच. पुढं काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे नेले. नणंद-भावजयीचं जन्मभर पटलं न्हाई. चुलीवरून भांडण, दह्यावरून भांडण, आधी आंघोळीला कोन जाणार त्याच्यावरून भांडण. पण दिवेलागणीला दोघी ओसरीत बाजेवर बसायच्या अन् मधी रेडिओ.

आमचं गाव धावडा गावाच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. इथं जवळचं स्टेशन खरखरतं, अन् शॉर्टवेव्हच्या पट्टीवर पार लांबच्या देशातलं साफ लागतं. हे उलटं कसं ते मला ठाव न्हाई, पण तसं आहे. त्या पट्टीवर सांजच्याला एक बाई हिंदी बोलायची. इतकं धुतलेलं हिंदी आपल्याकडं कोनी बोलत न्हाई, म्हणून कळायचं की बाई परदेशातली आहे. ह्या दोघी तिला ‘लांबची बाई’ म्हणायच्या. ती बातम्या सांगायची, लोकांची पत्रं वाचायची, एखादं गाणं लावायची. अन् ह्या दोघी तिला उलट बोलायच्या.

“आज घसा बसला गं बाई तुझा,” आक्का म्हणायची.

“आंबट खाल्लं असंल,” बायको म्हणायची. “कोन सांगावं, दिवस गेले असतेन.”

“चल, चावट.”

हसण्यावारी न्यायची गोष्ट न्हवती ती. आक्काला उजेड-अंधार कळत न्हाई. लांबची बाई बोलली की तिला कळायचं, दिवस मावळला. बाई नमस्कार करून गेली की जेवण, मंग झोप. आक्काचं घड्याळ तेच होतं. रेडिओच्या चाकावर बायकोनं मेणाचा एक थेंब बसवला होता. तो बोटाखाली वर आला की बाई लागायची. आक्का कोनाला हाक न मारता स्वतः लावायची.

बायको थंडीत गेली. छातीत कफ झाला, जालन्याला दवाखान्यात चालत नेली अन् कापडात गुंडाळून आणली. सुतकात रेडिओ लावत न्हाईत, म्हणून कोनीतरी तो तिच्या उशाखाली सरकवला. तेराव्याला शय्यादान होतं. म्हणजे गेलेल्या माणसाची गादी, उशी, घोंगडी, छत्री, चपला, तांब्या असं सगळं गुरुजीला द्यायचं. भावकीतला एक शहाणा म्हणला, “काकूच्या आवडीचं काही असंल तर ते बी ठेवा. वर पोचतं.” माझ्या पोरानं उशाखालचा रेडिओ काढून गादीवर ठेवला. मी माळवदावर पंगतीचं बघत होतो. खाली आलो तवा गुरुजीची गाडी वेशीच्या बाहेर गेल्ती.

“जा, आन माघारी,” मी पोराला म्हणलो.

“आबा, दान माघारी घेतलं तर आईला पोचत न्हाई.”

“तिला वर काय करायचा रेडिओ? सेल कोन घालून देणार हाये तिथं?”

सगळे खाली बघायला लागले. तेवढ्यात आतून आक्काच बोलली, “आणू नका रे. दिलं ते दिलं.” जिचं गेलं तीच असं बोलली, मंग मी कोनाशी भांडू? त्या दिवशी सगळ्यात जास्ती राग मला आक्काचाच आला.

त्याच्यानंतर आक्काचा दिवस मोडला. भर दुपारी हातरून मागायची. पहाटं उठून भाकर मागायची. “दिवस मावळला का रे?” दिवसभर हेच. सून बिचारी प्रत्येक बारीला सांगायची, पण सांगितलेल्या सांजेवर आक्काचा भरोसा न्हवता. ताट समोर ठेवलं तर म्हणायची, “आत्ता तर जेवले,” अन् तसंच सारायची. हाडं दिसायला लागली. एक म्हातारी नेली, आता दुसरी बी ह्या घरातून उपाशी जाते का काय, ह्याच्यानं माझं डोकं फिरलं.

पोरानं गाण्याचा डबा आणला. बटन दाबलं की हजारो गाणी, अभंग, भारूड. आक्कानं हातात धरला, जरा ऐकला अन् बाजूला ठेवला.

“ह्याच्यात माणूस न्हाई.”

“आत्या, अवो इतके गाणारे आहेत!”

“गाणारे हायेत. बोलणारं कोन हाये? ह्याला दिवस मावळलेला कळतो का? सकाळी दाबलं तरी तेच, रात्री दाबलं तरी तेच. येडं हाये ते.”

मंग पोरगा मोबाईलवर आला. गुळगुळीत काच. आंधळ्या बाईनं बोट कुठं ठेवावं? मी म्हणलो, “बस झालं. आता मी जातो जालन्याला.” पोराला वाटलं बाप रस्त्यात कुनाशी तरी मारामारी करील, म्हणून तो बी आला.

पहिल्या दोन दुकानांत रेडिओ म्हणल्यावरच हसले. एकजण म्हणला, “बाबा, जुन्या बाजारात बघा.” मी म्हणलो, “मला बी तिथंच ठेव मंग.” तिसऱ्या दुकानात वरच्या फळीवर खोकी होती. दुकानदारानं धूळ झटकून रेडिओ समोर मांडले. मी डोळे मिटले अन् एकेक चाचपायला लागलो.

“आबा, हे काय करून राह्यले? लोक बघून राह्यले.”

“बघू दे. त्यांना डोळे हायेत.”

पहिल्याला चाकच न्हवतं, नुसती बटनं अन् आकडे. आकडे काय आक्का वाचणार? दुसऱ्याचं चाक असं ढिलं की फुंकर मारली तर स्टेशन हलंल. तिसऱ्याचं चाक जाड, कंगोरे काढलेलं, फिरवायला जरा जड. पट्टी बदलायचा खटका कट्‌ करून बसायचा. कान नसला तरी बोटाला कळावं असा.

“हा. ह्याच्यावर लांबचं लागतं का?”

“शॉर्टवेव्हची पट्टी आहे काका. पण त्याच्यावर आता काही लागत न्हाई. बंद झालं सगळं.”

“मंग पट्टी कशाला ठेवली?”

“कंपनीनं ठेवली.”

“मेलेल्या माणसाची पाटी दारावर ठेवतेत तशी?”

तो खोकं झाकायला लागला. मी म्हणलो, ऐकल्याबिगर घेणार न्हाई, आमची बाई सांजच्याला बोलती. तो म्हणला, दुपारी कसं ऐकणार? मी म्हणलो, मंग दिवेलागणीपर्यंत बसतो.

“काका, दुपारचं दुकान बंद असतं.”

“पायरी बंद असती का?”

बसलो पायरीवर. शटर खाली आलं. पोरगा उभाच. गाडी जाईल, उशीर होईल, सून एकटी आहे, असं काय काय म्हणत होता. मी म्हणलो, “दान करताना घाई केली, आता विकत घेताना बी घाई?”

तो एकदम खाली बसला माझ्याजवळ. मोठा बाप्या, केस पांढरे व्हायला लागलेले. म्हणला, “आबा, मला वाटलं तिला तिथं एकटीला करमणार न्हाई.”

पोराला हाणायला हात उचलावा अन् हातच धरला जावा, तसं झालं. रेडिओ मेलेल्या माणसाला पोचतो असं भावकीनं सांगितलं, अन् ह्यानं खरं मानलं. मी बी काय कमी? तिच्या चितेत पानसुपारी टाकलीच होती की. त्यानं चहा आणला, दोघांनी पेला.

उन्हं उतरली तवा दुकान उघडलं. आत ट्यूबलाइटमुळं नुसती घूं घूं. रेडिओ घेऊन मी रस्त्यापलीकडच्या मोकळ्या जागेत गेलो, दांडी वर ओढली, चाक फिरवलं. शिट्टी, खरखर, कोन्या मुलखातली भांडणं. लागेना. गाड्या हॉर्न वाजवून राह्यल्या अन् मी प्रत्येकाला शिवी देऊन राह्यलो. पोरगा म्हणला, “आबा, जरा डोंगराकडं तोंड करा.” तोंड फिरवलं, चाक जरासं हललं, अन् आली. तीच. तेच धुतलेलं हिंदी. कोनाचं तरी पत्र वाचत होती.

दुकानदार बाहेर आल्ता. “हे कोन?”

“आमच्या घरची हाये,” मी म्हणलो.

दुसऱ्या दिवशी आक्काच्या हातात दिला. मी लावून देतो म्हणलो, तर हात झटकला. “मी काय लेकरू हाये?” तिला तिचा थेंब पाहिजे होता. मेणबत्ती पेटवून थेंब टाकला, तर कंगोऱ्यावरून तो घसरून पडला. पुन्हा टाकला, पुन्हा पडला. मेणाला शिव्या दिल्या.

मंग आरशाकडं नजर गेली. बायको रात्री कपाळावरची टिकली काढून आरशाच्या कडेला चिटकवायची. आठ-दहा तशाच होत्या. एक काढली. पण हात थांबला. आक्का विधवा. कुठं हळदीकुंकू असलं तर आपण होऊन आत जाऊन बसणारी. तिच्या बोटाखाली रोज टिकली? तरी सांजच्याला बाई लागली, तवा चाकावर चिटकवली अन् म्हणलो, “आक्का, मेण लावलंय.”

आक्कानं बोट फिरवलं, अन् मोठ्यानं हसली. बायको गेल्यापासून पहिल्यांदा.

“येड्या, टिकली हाये ही. जुन्यावर बी टिकलीच होती, तुझी बायको बी मेणच म्हणायची. मला आंधळीला मेण अन् टिकली कळत न्हाई व्हय?”

“मंग बोलली न्हाईस कधी?”

“बोलले असते तर तिनं काढली असती.”

जन्मभर ह्या दोघींच्या भांडणात मी पंच म्हणून शिव्या खाल्ल्या, अन् मला हे आत्ता कळतंय. आक्कानं टिकलीवर बोट ठेवून आवाज वाढवला अन् चाकाकडं वाकून म्हणली, “अगं, घरी दुखवटा होता म्हणून बोलले न्हाई. आमची ती गेली बरं का.”

लांबची बाई काही थांबली न्हाई. तिनं पत्र संपवलं अन् गाणं लावलं. मला असा संताप आला, वाटलं रेडिओ उचलावा अन् अंगणात फेकावा. माणूस गेलं म्हणून सांगतेत तिला, जरा गप बसायचं!

आक्कानं गाणं पुरं ऐकलं. बाईनं नमस्कार केला तवा बटन बंद केलं अन् आत हाक दिली, “सूनबाई, दिवस मावळला. भाकर वाढ.”

पुरी भाकर खाल्ली तिनं. वर ताक मागितलं.