वसुधावहिनींनी तपासलेलं पाणी

श्रीकांतचा फोन आला तेव्हा मी कामाला निघालो होतो. "वसुधा गेली," एवढंच तो म्हणाला. हृदयविकाराचा झटका. हॉस्पिटलपर्यंत पोचायलाही अवधी मिळाला नाही. त्याला आता काही आठवडे झाले. शोकसभेत कुणी वहिनींच्या नाटकातल्या कामांविषयी बोललं, कुणी त्यांच्या पुरणपोळ्यांविषयी. मी उठलो नाही. मला सांगायचं होतं ते पाण्याविषयी होतं, आणि त्यात माझी बाजू चांगली नव्हती.

श्रीकांत माझा कॉलेजपासूनचा मित्र. वसुधावहिनी नागपूरच्या, रसायनशास्त्रातल्या एम.एस्सी. लग्न करून इथे अमेरिकेत आल्यावर त्या एका खासगी प्रयोगशाळेत पाणी तपासायचं काम करू लागल्या. या ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी फ्रीमाँटच्या कडेला, जर्दाळूच्या बागांजवळ एक जुनं घर घेतलं. तिथे शहराचा नळ पोचलेला नव्हता. घरामागे जमिनीत खोल गेलेला पाइप आणि वर पंप, पण मी त्याला अभिमानाने 'आमची विहीर' म्हणायचो. येईल त्याला पाणी पाजून, कसं गोड आहे, असं विचारायचो. अमेरिकेत येऊन लोक गाड्या घेतात, आमच्या मित्राने विहीर घेतली, असं श्रीकांत चारचौघांत सांगायचा.

मग बातमी आली, की जवळच्या एका इलेक्ट्रॉनिक्स कारखान्याची जमिनीत पुरलेली टाकी गळते आहे. सुटे भाग धुवायचं द्रावण त्या टाकीत होतं. पाण्यात उतरलं तरी त्याला ना रंग, ना वास. वहिनींनी आपल्या साहेबाच्या मागे लागून आमच्या रस्त्यावरच्या विहिरी फुकट तपासून घ्यायचं कबूल करून घेतलं आणि घरोघर छोट्या काचेच्या बाटल्या ठेवल्या. मी स्वतः इलेक्ट्रॉनिक्सच्याच धंद्यातला इंजिनियर. आमचं पाणी चांगलं निघावं असं मला फार वाटत होतं. ते तसंच निघालं. शेजाऱ्यांच्या बैठकीत मी तो रिपोर्ट मोठ्याने वाचला आणि घाबरण्याचं कारण नाही, असं वर सांगितलं. शेजारची मार्था एकटीने मुलीला वाढवत होती. तुझी आणि माझी विहीर लागूनच आहे, म्हणजे माझंही ठीकच असणार, असं म्हणून तिने आपली बाटली दिलीच नाही. उलट मला जर्दाळूचा जॅम आणून दिला.

वहिनींना मात्र चैन पडेना. मार्थाच्या पलीकडची आणि आमच्या दुसऱ्या अंगाची विहीर मागाहून वाईट निघाली होती, मग मधलीच चांगली कशी? एका शनिवारी त्या न कळवता आल्या. माझी आई तेव्हा साताऱ्याहून आलेली होती आणि रोजच्यासारखं मोठं पातेलं भरून पाणी उकळत होती. वहिनी त्या वाफेकडे पाहत राहिल्या.

"भावजी, बाटल्या कुठल्या पाण्याने भरल्या होत्या?"

"ह्याच. उकळून, गाळून. तपासायला द्यायचं म्हणजे स्वच्छ नको का?"

"परक्याच्या हातात कच्चं पाणी कसं द्यायचं?" आई म्हणाली.

वहिनी आधी हसल्या. मग त्यांनी गॅस बंद केला आणि एकेक करून सगळ्या खिडक्या उघडल्या. उकळल्याने जंतू मरतात, पण हे द्रावण वाफेबरोबर बाहेर येतं, हे त्यांनी आईला शांतपणे समजावलं. "पाण्यातून गेलं काकू, पण घरातून नाही गेलं. पातेल्याशी उभं राहून तुम्ही ते हुंगत होतात." आई खाली बसली. मी काहीतरी पुटपुटायला लागलो, तर मला म्हणाल्या, "माफी नंतर मागा. आधी मार्थाकडे चला."

नव्याने घेतलेले नमुने आले. आमचं पाणी वाईट होतं आणि मार्थाचं त्याहून. पुढच्या बैठकीत ते तुम्ही सांगा, अशी मी वहिनींना गळ घातली. त्यांनी साफ नकार दिला. "पहिला रिपोर्ट तुम्ही वाचलात. हाही तुम्हीच वाचायचा." मी वाचला. मार्था मुलीचा हात धरून निघून गेली... मधले ते आठवडे तिची लिंडा माझ्या शब्दावर ते पाणी प्यायली होती. त्याचं पुढे काय होईल हे तेव्हा कुणी सांगू शकत नव्हतं, आजही सांगू शकत नाही.

वहिनींनी पुढे त्या गळतीबद्दलची एकही सरकारी सुनावणी चुकवली नाही. साडीवर जाड जाकीट घालून पहिल्या रांगेत बसायच्या. एकदा एका अधिकाऱ्याने त्यांना जरा सावकाश बोलायला सांगितलं, तेव्हा म्हणाल्या, "मी सावकाश बोलते. तुम्ही घाई करा." शेवटी कारखान्याच्या खर्चाने घरोघर कोळशाचे फिल्टर बसले. पण फिल्टर कधी थकेल याचा नेम नसतो, म्हणून वहिनी नमुने घ्यायला येत राहिल्या. शहराचा नळ अजून आलेला नाही. त्यासाठीच्या सुनावण्यांना आता मी जातो, आणि तो येईपर्यंत नमुनेही मीच घेणार आहे.

गेल्या शनिवारी मार्थाकडे गेलो. नमुना घेण्याआधी नळ सोडून थांबावं लागतं, पाइपात साठलेलं पाणी वाहून जाईपर्यंत. बाटली कशी भरायची हे वहिनींनी मला शिकवलं होतं. या थांबण्याचं काय करायचं, ते नव्हतं शिकवलं. मी धारेकडे बघत उभा राहिलो.

"ती या वेळात लिंडाची चौकशी करायची," मार्था म्हणाली.

इतक्या वर्षांत मी तिला ते कधीच विचारलं नव्हतं. उत्तराची भीती वाटायची.

"कशी आहे लिंडा?" मी विचारलं.

आजपर्यंत तरी ठीक आहे, असं म्हणून मार्था सांगू लागली... लिंडाचं कॉलेज, तिचा हट्टी स्वभाव, रविवारी न चुकता येणारा तिचा फोन. पाणी लागतं त्याहून कितीतरी जास्त वाहून गेलं. तिचं सांगून संपलं तेव्हा मी धार बारीक केली आणि बाटली खाली धरली.