शकूताईंचा पिवळा पट्टा

मालनबाईंची एकोणतीस पुस्तकं संगणकावरून पुसून टाकावीत, असा ठराव मी स्वतःच्या हाताने लिहिला होता. हे आधीच कबूल केलेलं बरं. पुढे मी शकूताईंचं इतकं कौतुक करणार आहे की वाचणाऱ्याला वाटेल, मी पहिल्यापासून त्यांच्याच बाजूचा. तसं मुळीच नव्हतं.

आमचं बोलकं वाचनालय सदाशिव पेठेत, एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत आहे. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी आम्ही पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करतो. खालच्या डॉक्टरांनी ड्रिल सुरू केलं की वाचक थांबतो, ते थांबले की पुन्हा वाचायला लागतो. मी या संस्थेचा चिटणीस. म्हणजे सभेचा वृत्तान्त लिहायचा, पत्रं पाठवायची आणि कोणाला कामं सांगायची ते ठरवायचं. कामं बहुतेक शकूताईंनाच सांगितली जायची.

शकू बिबवे. बिबवेवाडी खरोखरच वाडी होती, तेव्हाचा त्यांचा जन्म. पर्वतीजवळच्या एका लहान कारखान्यात त्यांनी बावीस वर्षं स्टोअर सांभाळलं. पंपाचे सुटे भाग रॅकवर लावायचे, मागतील तसे द्यायचे, आणि प्रत्येक रॅकवर टांगलेल्या कार्डावर लिहायचं: आले किती, गेले किती, उरले किती. नऊ वर्षांपूर्वी कारखाना बंद पडला तेव्हा त्या आमच्याकडे झाडलोट आणि चहापाण्यासाठी आल्या. पुढे रेकॉर्डिंगमधले खोकले आणि ड्रिलचे आवाज कापून पुस्तक स्वच्छ करायचं कामही त्यांनीच उचललं. कोणी सांगितलं नव्हतं, आणि करू नका असंही कोणी म्हटलं नाही.

आमचा संगणक लिनक्स या प्रणालीवर चालतो. ती फुकट मिळते हे पुण्यात पुरेसं कारण आहे, पण दुसरंही एक कारण आहे. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवायची सोय तिच्यात चांगली बसली होती, आणि आमचे अध्यक्ष उत्तरेश्वर सर जन्मापासून अंध आहेत. या संगणकाने काही चूक दाखवली की आम्ही सगळे पडद्यावरची ती चौकट चटकन बंद करून टाकायचो. शकूताई मात्र ती चूक शंभर पानी वहीत अक्षर न् अक्षर उतरवून घ्यायच्या, तारखेसकट. इंग्रजी त्यांना बेताचंच येतं. शनिवारी ऋषी आला की त्याला एकेका ओळीचा अर्थ विचारायच्या आणि तो पेन्सिलीने खाली लिहायच्या. अशा चार वह्या भरल्या होत्या.

ऋषी म्हणजे आमचा आयटीवाला. मुलगा हुशार आणि मनाने फार चांगला, फक्त कायम घाईत. मार्चमध्ये आमची पुस्तकं साठवायची दोन टीबीची जुनी डिस्क कटकट आवाज करायला लागली. सर्जेराव म्हणून आमचे एक देणगीदार आहेत, बांधकामाच्या धंद्यातले. त्यांनी ताबडतोब चार टीबीची नवी डिस्क आणून दिली. ऋषीने एका रात्रीत जुनीवरचं सगळं जसंच्या तसं नवीवर उतरवलं, आणि दुसऱ्या दिवशी जुनीने कायमची मान टाकली. आम्ही पेढे वाटले. पण नव्या डिस्कवर पहिली फाइल ठेवायला गेलो तर संगणक म्हणाला, जागा नाही.

ऋषीने पाहिलं. आकार एक पूर्णांक आठ टीबी, वापर एक पूर्णांक सात, शिल्लक शून्य. त्याने डिस्क मोठी करायचा हुकूम दिला, तर संगणकाचं उत्तर आलं, आहे तेवढी मोठीच आहे, करण्यासारखं काही नाही.

"काका, डिस्क फेक आहे," ऋषी मला म्हणाला. "बॉक्सवर फोर टीबी, आत टू. मार्केटमध्ये असे पीस येतात."

आता देणगी देणाऱ्याला, तुमची डिस्क खोटी आहे, हे सांगायचं कोणी? मी तर नक्कीच नाही. त्यापेक्षा जागा करावी हे सोपं होतं. सगळ्यात जास्त जागा खात होती मालनबाईंची न कापलेली रेकॉर्डिंग्ज. मालनबाई आमच्या सगळ्यात जुन्या वाचक, निवृत्त शिक्षिका. त्यांनी एकेचाळीस पुस्तकं वाचली आणि दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. शकूताईंनी त्यातली बारा कापून स्वच्छ केली होती. एकोणतीस तशीच होती. परीक्षेच्या नव्या पुस्तकांसाठी विद्यार्थी रोज फोन करत होते. मी ठराव लिहिला: 'कच्ची ध्वनिमुद्रणे काढून टाकणे.' शनिवारी चारला सभा होती.

मंगळवारी शकूताईंनी फळ्यावर तो ठराव वाचला आणि हातातला कप खाली ठेवला.

"साहेब, मालनबाईंना मी शब्द दिलाय. सगळी पुस्तकं पुरी करीन म्हणून."

"शकूताई, जागाच नाही तर काय करणार?"

"जागा हाय का नाय, ते अजून कोणी मोजलंय कुठं?"

मला राग आला. ऋषीसारखा इंजिनिअर सांगतोय, आणि या म्हणतात कोणी मोजलं नाही. मी म्हटलं, "तुम्ही मोजा मग." हे मी टोमण्याने म्हटलं होतं. त्यांनी ते काम म्हणून घेतलं.

शकूताईंचं पहिलं पाऊल मला तेव्हा वेळकाढूपणा वाटलं. डिस्कला हात लावण्याआधी मालनबाईंची दुसरी प्रत पाहिजे, असं त्या म्हणाल्या. काही बिघडलं तर जुनी डिस्क आता नव्हती. मी घरची एक टीबीची डिस्क आणून दिली. आमच्या जुन्या टीव्हीला वाचता यावी म्हणून मी ती टीव्हीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या पद्धतीने तयार केली होती. तिच्यावर आमच्या महाबळेश्वरच्या सहलीचे फोटो सोडले तर काही नव्हतं. शकूताईंनी पहिलं पुस्तक तिच्यावर टाकलं. अर्ध्यावर जाऊन संगणक म्हणाला, फाइल फार मोठी आहे.

"अहो, सगळी डिस्क रिकामी आहे," मी म्हणालो. "तुमचा लिनक्सच मुळात वेडा आहे."

शकूताईंनी वही काढली, ओळ उतरवली, आणि जुन्या वह्या चाळत बसल्या. तिसऱ्या वहीत सापडलं. एका विद्यार्थ्याच्या पेनड्राइव्हवर दोन वर्षांपूर्वी हेच झालं होतं. त्या जुन्या पद्धतीच्या डिस्कवर चार जीबीपेक्षा मोठी एकही फाइल मावत नाही, मग बाकी डिस्क कितीही मोकळी असो. मालनबाईंचा हट्ट असायचा की पुस्तक संपेपर्यंत सगळं एकाच फाइलमध्ये राहावं. त्यामुळे एकेक फाइल सात-आठ जीबीची होती.

"दार बारीक हाय," शकूताई म्हणाल्या. "कपाट सुटं करून आत न्यायचं."

त्यांनी ऋषीला फोन करून फाइलचे तुकडे करायचा हुकूम विचारून घेतला. प्रत्येक पुस्तकाचे तीन-तीन जीबीचे तुकडे केले, ते माझ्या डिस्कवर ठेवले, मग परत जोडून मूळ फाइलशी ताडून पाहिले. एकोणतीस पुस्तकं, दोन दिवस. मी दर तासाला डोकावून घड्याळ पाहत होतो. आता लाज वाटते.

गुरुवारी दुपारी त्या वहीवर एक चित्र काढत होत्या. एक लांबट चौकोन, त्याच्या बरोबर मध्ये उभी रेघ. मी विचारलं, हे काय?

"आमच्या कारखान्यात गोडाऊन वाढवलं होतं साहेब. मागची भिंत पाडून दुप्पट जागा केली. पण खाली जमिनीवर पिवळा पट्टा असतोय बघा, माल त्याच्या आतच लावायचा असा नियम. तो पट्टा पुसून पुढं रंगवायचं कोणाच्याच डोक्यात आलं नाय. चार महिने पोरं पट्ट्याच्या आत थप्प्या लावायची आणि बोंब मारायची, गोडाऊन भरलं म्हणून. पलीकडं अर्धं गोडाऊन रिकामं."

"मग?"

"ऋषीदादांनी जुनं जसंच्या तसं उतरवलं. म्हंजे पट्टा पण उतरला. जुन्याच जागी."

आता ऐकताना हे किती सरळ वाटतं. संगणकाला मोठं हो म्हटलं, तो म्हणाला, पट्ट्यापर्यंत आहेच मी मोठा. तो खरंच बोलत होता. आम्हीच अर्धं ऐकलं होतं.

डिस्कचे विभाग दाखवणारा हुकूम त्यांच्या वहीत होता. तो दिला तर खरंच, पूर्ण डिस्क चार टीबीची, त्यात पट्ट्याच्या आतला विभाग दोनचा आणि पुढे सगळी मोकळी जागा. सर्जेरावांची डिस्क खोटी नव्हती. मी खुर्चीत बसलो आणि, खरं सांगतो, आधी मला आनंद झाला नाही. आपण काय लिहून बसलो होतो ते आठवलं.

शनिवारी एक ते चार वाचनालय बंद असतं. सगळी सदाशिव पेठ तेव्हा आडवी होते. खालचे डॉक्टरसुद्धा जेवायला घरी जातात. त्या वेळात डिस्क कोणी वापरत नाही, म्हणून शकूताईंनी तीच वेळ निवडली. मी पण थांबलो. आयुष्यात पहिल्यांदा दुपारची झोप सोडली, हे आमच्या घरी अजून कोणाला खरं वाटत नाही.

त्यांनी डिस्क वापरातून बाजूला काढली. विभागाची हद्द शेवटपर्यंत न्यायला सांगितलं. संगणकाने विचारलं, डिस्कच्या नोंदी जुन्या मापाच्या आहेत, दुरुस्त करू का? शकूताईंनी ती ओळ तीनदा वाचली, वहीत लिहिली आणि हो म्हणाल्या. मग सगळी डिस्क तपासून घेतली. मग परत तोच हुकूम, जो ऋषीने दिला होता: मोठी हो. या वेळी संगणक काही मिनिटं गप्प होता. शकूताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या होत्या. मग पडद्यावर उत्तर आलं, आणि त्या म्हणाल्या, "झालं. आता चहा टाकते."

चारला सभा सुरू झाली. उत्तरेश्वर सर, सर्जेराव, ऋषी, मी आणि दोन सभासद. तिसऱ्या विषयावर आलो तेव्हा मी म्हणालो, ठराव मांडण्याआधी संगणकाचं ऐकावं. शकूताईंनी हुकूम दिला, आणि संगणक त्याच्या लाकडी आवाजात आकडे वाचायला लागला. आकार तीन पूर्णांक सहा. वापर एक पूर्णांक सात. शिल्लक एक पूर्णांक सात.

ऋषी खुर्चीतून उठलाच. "थांबा, हे कसं केलं?" शकूताईंनी वहीतलं चित्र पुढे केलं. त्याने ते पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "पार्टिशन! ताई, सॉरी. मी बघितलंच नाही." पोरगं मोठ्या मनाचं आहे, हे मी आधीच सांगितलं.

सर्जेराव मात्र समाधानी नव्हते. "मी चार आणलीय. ही साडेतीन सांगतीय. वरची अर्धी कोणी खाल्ली?"

"कोणी नाय खाल्ली. खोक्यावाला हजाराच्या मापानं मोजतोय," शकूताई म्हणाल्या. "मशीन एक हजार चोवीसच्या मापानं. ते माप दर पायरीला मोठं होत जातं, म्हणून आकडा लहान दिसतोय. माल तेवढाच."

"बरं. पण तीन-सहातून एक-सात गेले तर एक-नऊ उरायला पाहिजे. एक-सातच कसे?" हे उत्तरेश्वर सर होते. आकडा एकदा ऐकला की ते विसरत नाहीत.

मला वाटलं, झालं, आता काय सांगणार? शकूताई हसल्या. त्या आठवड्यात पहिल्यांदाच. बावीस वर्षं आले-गेले-उरले जुळवणाऱ्या बाईला तो फरक पहिल्याच दिवशी दिसला होता. जुनी शिल्लक शून्य होती, तेव्हाही आकडे जुळत नव्हतेच.

"सर, ही डिस्क शंभरातले पाच भाग आपल्यासाठी बाजूला ठेवती. काठोकाठ भरली तरी मशीनच्या मालकाला हात हलवता यावा म्हणून. ज्या डिस्कवर मशीन स्वतः चालतं तिला ते पाहिजेच. ही तर नुसती पुस्तकांची. हिला एक भाग बास."

आणि सगळ्यांसमोर त्यांनी एक हुकूम दिला. संगणक पुन्हा बोलला. शिल्लक एक पूर्णांक नऊ.

सर्जेराव म्हणाले, "आमच्या साइटवर स्टोअर सांभाळाया येता का ताई?" शकूताई म्हणाल्या, एकोणतीस पुस्तकं झाल्यावर बघू.

मी ठराव मागे घेतला. त्याला अनुमोदन पाहिजे होतं. शकूताईंनी हात वर केला, आणि मी चिटणीस असल्यामुळे सांगावं लागलं की त्या सभासद नाहीत. उत्तरेश्वर सर म्हणाले, "मग आधी ते करा. नऊ वर्षं उशीर झालाच आहे." तो ठराव सगळ्यांनी एकमताने केला, आणि शकूताईंनी सभासद म्हणून पहिलं अनुमोदन माझ्या माघारीला दिलं. वृत्तान्तात मी हे जसंच्या तसं लिहिलं आहे.

मग सर म्हणाले, जिच्यासाठी एवढं झालं तिचा आवाज जरा ऐकू द्या. शकूताईंनी कच्च्यातली एक फाइल मधूनच लावली. मालनबाईंचा तो खडखडीत, शाळेतला आवाज. दोन वाक्यं वाचली, थांबल्या, खोकल्या. आणि म्हणाल्या, "शकू, पंखा बंद कर गं, फार घरघरतोय."

शकूताई उठल्या आणि भिंतीजवळ जाऊन त्यांनी पंखा बंद केला. बटणावर हात तसाच ठेवून त्या उभ्या राहिल्या. एप्रिलची दुपार होती, सगळ्यांना घाम फुटला होता. पुस्तकाचं प्रकरण संपेपर्यंत पंखा लावा असं कोणीही म्हणालं नाही.