डांबरावरचा उलटा हात

मला एक वाईट खोड आहे. कुणी काही करताना दिसलं की मी आधी 'काहून?' विचारतो, आणि उत्तर पटलं नाही तर मोजायला बसतो. या खोडीपायी आईचे धपाटे खाल्ले, मास्तरांनी बाकावर उभं केलं, तरी ती काही गेली नाही.

सत्तरचं दशक सरत आलं होतं तेव्हा मी सोनेगावच्या विमानतळावरून कोपायलट म्हणून उडायचो. विमान दोन पंख्यांचं, चाळीसेक माणसांचं. त्याच्या इंजिनांचा एक नखरा होता. हवा जितकी गरम तितकं इंजिन लवकर तापायचं, म्हणून उडण्याआधी इंधन किती कमी सोडायचं ते हातानेच ठरवावं लागे. हवामान खात्याकडून तापमान घ्यायचं, तक्त्यात बोट फिरवायचं, आकडा काढायचा आणि दोन छोटे खटके त्या आकड्यावर आणून ठेवायचे. याला आम्ही ट्रिम म्हणत असू. हे काम कोपायलटचं, म्हणजे माझं. नागपूरच्या मे महिन्यात या कामात हयगय चालत नसे.

माझे कॅप्टन पन्नाशीचे, पारशिवनीकडच्या शेतकऱ्याघरचे. एवढी वर्षं गणवेश घातला, पण बोली सोडली नाही. प्रवाशांशी इंग्रजीत झक्कास बोलायचे आणि माइक ठेवला की लगेच, "काय ऊन पडून राहिलं बाप्पा!"

त्यांची एक रीत होती. विमानात चढण्याआधी ते शिडीपाशी उकिडवे बसायचे, उलटा हात डांबरावर टेकवायचे आणि चटका बसला की झटकन उचलायचे. तापल्या लेकराच्या कपाळाला आई हात लावून पाहते, अगदी तसं. मग उठून मला सांगायचे, "एक कमी ठेव गा." म्हणजे तक्त्यातल्या आकड्यापेक्षा ट्रिम एकाने कमी ठेवायची, इंधन आणखी थोडं आवरायचं, आणि धावपट्टीवर पळताना काट्यावर नजर ठेवून ती हळूहळू वाढवायची.

मी म्हटलं, "सर, तापमान तर आलंय कागदावर. मग हात काहून लावता?"

"ते सावलीतलं आहे. विमान का सावलीत उडते?"

उत्तर झकास होतं, पण मला पटलं नाही. मी एक लाल पुठ्ठ्याची वही घेतली. तारीख, तापमान, तक्त्याचा आकडा, वजन, वारा, आणि हात लावल्यावर कॅप्टन काय म्हणाले ते. उन्हाळाभर लिहिलं. शेवटी पाहिलं तर काय, रोज एकच उत्तर! चाळीसचं ऊन असो की सेहेचाळीसचं, हाताचं म्हणणं 'एक कमी'. दुसरं काही नाही. मला अस्सा आनंद झाला म्हणून सांगू, जणू चोरच पकडला होता.

आणि मी गाढव, ती वही घेऊन थेट कर्मचाऱ्यांच्या खोलीत गेलो. सगळे चहा पीत बसले होते. मी वाचून दाखवलं. "सर, तुमचा हात म्हणजे बंद पडलेलं घड्याळ आहे. रोज तीच वेळ!" हशा पिकला. कॅप्टनही हसले, मांडीवर थाप मारून हसले. स्वतःचा हात उलटासुलटा करून पाहत म्हणाले, "लेका, धरलं रे तू मले."

कोपऱ्यात मुख्य कचेरीतले एक साहेब बसले होते, ते मात्र हसले नाहीत. त्यांनी वही मागून घेतली, चाळली आणि परत दिली. कंपनीत नवीन विमान यायचं होतं आणि त्याच्या प्रशिक्षणाला कुणाला पाठवायचं ते ठरवायला ते आले होते. त्या विमानात हाताने ट्रिम लावायची भानगड नव्हती. एक डबा होता, तोच इंजिनाचा ताप पाही आणि इंधन आवरून धरी. कॅप्टनना ते विमान हवं होतं. जुनी विमानं जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि नवीन मिळालं नाही तर पुढे फक्त टेबलखुर्ची.

महिन्याभराने यादी लागली. माझं नाव होतं, त्यांचं नव्हतं. कारण दिलं होतं: कागदापेक्षा सवयीवर चालतात. हे माझ्या वहीचंच बोलणं होतं. कॅप्टननी मात्र माझी पाठ थोपटली. "जाय, शिकून ये. डबा काय काय करते ते मलेही सांगजो." ते कुणाकडे तक्रार करायला गेले नाहीत. मला वाटलं, मनाला लावून घेतलं नसावं. असं वाटून घेणं माझ्या सोयीचंच होतं.

नवीन विमान खरंच सुरेख होतं. इंजिनांचे दांडे पुढे ढकलायचे, बस्स. डबा इतक्या हलक्या हाताने इंधन कमीजास्त करी की मी पहिले काही दिवस उडण्यापेक्षा त्याचे काटेच बघत बसे. पुढे मी त्याच विमानाचा कॅप्टन झालो.

मग एका मे महिन्यात, दुपारी चारला, भरलेलं विमान घेऊन मी नागपूरहून निघालो. कागदावर वजन बसत होतं, अगदी काठोकाठ. वाऱ्याचा पत्ता नव्हता. दांडे पुढे केले. डब्याने त्याचं काम चोख केलं, इंजिन तापू दिलं नाही, म्हणजेच जोर आवरून धरला. धावपट्टी संपत आली तरी विमान जमीन सोडेना. सुटलं तेव्हा कुंपणापलीकडच्या बाभळी मला फांदीफांदीने दिसल्या. डबा इंजिनाला जपत होता. आज जरा थांब, हे सांगणं त्याच्या कामातच नव्हतं.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी लाल वही शोधली. का, ते मलाही नीट सांगता आलं नसतं. पानं उलटता उलटता समासात माझंच अक्षर दिसलं: 'चाय. उशीर.' पुढे आणखी एक. मग आणखी. अशा प्रत्येक दिवशी कॅप्टन हात लावून उठले होते, आकडा काही बोलले नव्हते. "चला गा, चाय घेऊ," एवढंच म्हणाले होते. पाऊण तासाने, वारा सुटल्यावर, पुन्हा हात लावला आणि म्हणाले, 'एक कमी'. मी तेवढंच मोजलं होतं. आकडा नाही म्हणून चहा मोजलाच नव्हता. नऊ चहा होते. नऊही दिवस कडक उन्हाचे, विमान भरलेलं, वारा पडलेला.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन प्रताप नगरात त्यांच्या घरी गेलो. आता ते निवृत्त होते, अंगणात कूलरमध्ये बादलीने पाणी भरत होते. मी नऊ पानं दाखवली आणि बाभळींचंही सांगितलं. त्यांनी चष्मा लावून एकेक ओळ वाचली, कुतूहलाने, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल वाचत होते.

"हे मी करत होतो?"

"हो सर. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नाई बाप्पा. हात लावला का कधी कधी वाटे, आत्ता नको. बस, एवढंच."

वही मिटून त्यांनी माझ्या हातात दिली. बादली उचलली, पुन्हा खाली ठेवली.

"म्हणूनच तं मी भांडलो नाई गा तवा. मले वाटलं, तुयी वही बरोबर आहे."