खाप्याला प्रेमिलाला कोणी पाठवलं

जरीपटक्याच्या बाजारात भैयाजींचं साडीचं दुकान होतं. दुकानात कोणी नवा व्यापारी आला की भैयाजी गल्ल्यावरूनच ओळख करून देत. "हे पोट्टे काउंटरवरचे, तो तिकडचा माळ्यावरचा. आन् ह्या प्रेमिलाबाई. ह्या आपल्या घरच्याच."

प्रेमिला गजभियेला हा शब्द फार आवडायचा. आधी ती इंदोऱ्यात घरी बसून साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. एका लग्नसराईत ती तयार साड्यांचं गाठोडं घेऊन दुकानात आली, तर काउंटरवरचा माणूस जेवायला गेलेला आणि लग्नाची मंडळी दारात उभी. तिने गाठोडं बाजूला ठेवलं आणि साड्या उघडायला सुरुवात केली. आईला शेंदरी हवी होती, मावशीला मोरपंखी, आणि नवरीला त्या दोघींपासून सुटका हवी होती. प्रेमिलाने अशी साडी काढली की तिघीही आपलंच खरं झालं म्हणत निघाल्या. भैयाजी पाहत होते. दुसऱ्या दिवशी पिकोचं मशीन जावेला देऊन प्रेमिला दुकानात रुजू झाली.

तेव्हापासून ती घरची. घरची म्हणून दुकानाची किल्ली तिच्याकडे, आणि घरची म्हणून सगळ्यांच्या शेवटी निघणंही तिच्याकडेच. बाकीच्या पोरांना आठवड्याची सुट्टी मिळे. घरच्या माणसाला कसली सुट्टी? भैयाजींच्या खऱ्याखुऱ्या घरी ती गेली ती साड्या पोचवायला, आणि साड्या दारातच घेतल्या जायच्या. हे तिला दिसत नव्हतं असं नाही. तिने तिकडे पाहायचं टाळलं होतं, एवढंच.

एकदा सरकारी साहेब दुकान तपासायला आले. पगारी माणसं किती, नेमणुकीचं पत्र दिलं का, सुट्टी देता का, असं विचारत ते एकेकाचं नाव लिहून घेत होते. प्रेमिलापाशी आले तसे भैयाजी पुढे झाले.

"ह्यायचं नाव राहू द्या साहेब. ह्या कामाले नाहीत. घरच्या आहेत, येऊन बसतात."

साहेबांनी प्रेमिलाकडे पाहिलं. प्रेमिलाने मान डोलावली.

संध्याकाळी तिने हे लेकीला कौतुकाने सांगितलं. तिची लेक श्वेता डिप्लोमा करून हिंगण्याच्या एका कारखान्यात माल तपासायच्या कामावर लागली होती. कंपनीच्या बसमधून उतरून आली होती, पायातले बूटही काढले नव्हते.

"आई, तू घरची होय?"

"हो मंग."

"तं वाटणीत काय येऊन राहिलं तुले? दुकान का बंगला?"

"तुले सगळ्यातच खोट दिसते वं."

"खोट पाहाचीच नोकरी आहे माही," श्वेता म्हणाली. "मागं माह्या हाताले पत्रा लागला, तं कंपनीले दवाखाना करावाच लागला. तुले उद्या काही झालं तं भैयाजी म्हणतीन, आमच्याकडं नुसती बसाले येत होती. आन् तू स्वतःच मान डोलावून आली."

प्रेमिला तव्याकडे वळली. भाकरी मात्र एका बाजूने करपली.

पुढे एका महिला पतसंस्थेला आपल्या सगळ्या सभासदांसाठी एकसारख्या साड्या हव्या झाल्या. जांभळ्या अंगाच्या, पिवळ्या काठाच्या, हातमागावरच्या. भैयाजींनी खाप्याच्या बळीराम परातेला फोन लावला. बळीराम आणि त्याचे भाऊ पिढीजात विणकर. कन्हानच्या काठी त्यांचे माग. "बाईले पाठवून राहिलो," भैयाजी फोनवर म्हणाले. "ती सांगन तसं करा. तिचा शब्द तो माझा शब्द."

प्रेमिला बसने खाप्याला गेली. सुताचे रंग उन्हात धरून पाहिले, काठाची रुंदी ठरवली. सगळं झाल्यावर बळीरामने विचारलं, "पक्कं समजू ना बाई? एकदा मागावर सुताचा ताणा चढवला का मंग मागं येता येत नाही. सूत त्याच रंगाचं होऊन जाते."

प्रेमिलाने तिथूनच भैयाजींना फोन केला. "तूच पाय ना वं," ते म्हणाले. "मले काहून विचारून राहिली?"

तिने बळीरामला सांगितलं, पक्कं.

विणून झालं आणि पतसंस्थेचं मन फिरलं. त्यांनी मशीनच्या स्वस्त साड्या घेतल्या. भैयाजींनी बळीरामचे फोन घेणं बंद केलं. तेव्हा बळीराम गठ्ठे गाडीत घालून स्वतःच जरीपटक्याला निघाला. तो येतोय हे कळल्यावर भैयाजींनी प्रेमिलाला गल्ल्याजवळ बोलावलं.

"तू फक्त एवढं म्हणजो. मी आपल्या मनानं बोलली, भैयाजीले विचारलं नव्हतं. गरीब माणूस आहे, तुह्यावर काय केस टाकणार आहे? रडन, आन् जाईन."

"पण तुम्हीच तं पाठवलं होतं."

"अवं, ते तुले माहीत, मले माहीत. घरातली गोष्ट घरात राहू दे ना."

बळीराम आला. गठ्ठा काउंटरवर ठेवून त्याने पाणी मागितलं. भैयाजी हळहळत म्हणाले, "काय सांगू गा बळीराम. बाईनं आपल्याच मनानं सांगून टाकलं. विचार तिलेच."

दुकानात गिऱ्हाइकं होती, काउंटरवरची पोरं होती. प्रेमिलाने बळीरामच्या हाताकडे पाहिलं. बोटांच्या पेरांत जांभळा रंग अजून होता. आता हो म्हटलं की हा माणूस आयुष्यभर खाप्यात सांगत फिरणार, ती बाई खोटी.

"नाही बळीरामभाऊ," ती म्हणाली. "मले यायनंच पाठवलं. तुमच्यासमोर फोन केला होता मी. आपल्या मनानं तं मी या दुकानात च्या पण नाही मागवत."

एक पोरगा हसला आणि लगेच घड्या घालायला लागला. भैयाजींचा चेहरा उतरला, मग तापला.

"नोकरानं नोकरासारखं राहावं प्रेमिला."

"राहतो ना. पण त्या साहेबासमोर घरची काहून सांगितलं?"

"उद्यापासून येऊ नको."

घरी गेल्यावर प्रेमिला म्हणाली, नाहीच जात मी आता तिथं. श्वेताने तिला अडवलं. "तू घरी बसली का तो म्हणन, स्वतःच सोडून गेली. काढलं म्हणून सांगायचं असन तं जागा सोडू नको. कामगार ऑफिसात अर्ज दे, आन् रोज दुकानात जा."

"हाकललं तं?"

"तं चार माणसांसमोर हाकलू दे. तोच पुरावा."

दुसऱ्या दिवशी अर्ज देऊन प्रेमिला दुकानात गेली. भैयाजींनी काउंटरवर उभं राहू दिलं नाही, तर ती समोरच्या पायरीवर बसली. जुनी गिऱ्हाइकं पायरीवरच थांबायची. "बाई, इथं काहून बसल्या वं?" "काढलं मले," प्रेमिला मोठ्याने सांगायची, "पण काढलं म्हणून लिहून देऊन नाही राहिले, म्हणून बसली." दोघी-तिघी आत न जाताच परतल्या. भैयाजींनी आतून पाहिलं आणि पंख्याचा वेग वाढवला.

कामगार कार्यालयातून बोलावणं आलं. प्रेमिलाने साक्षीला बळीरामला आणलं होतं. भैयाजी पांढरा शर्ट घालून, घरच्या लग्नाला आल्यासारखे आले.

"मॅडम, ह्या आमच्याकडं कामाले नव्हत्याच," त्यांनी सुरुवात केली. "घरच्यासारख्या. येऊन बसत होत्या."

अधिकारी बाईंनी मान वर केली नाही. "मग खाप्याला त्या कशा गेल्या? तिकडेही बसायला?"

"नाही, तसं नाही. दुकानाच्या एवढ्या मोठ्या कामाले आपण घरच्याच माणसाले पाठवतो ना मॅडम."

"लिहून घ्या मॅडम," प्रेमिला म्हणाली. "पाठवलं म्हणले."

भैयाजींच्या लक्षात आलं. ते सावरून बसले. "म्हणजे पाठवलं, पण फक्त रंग पाहाले. नोकर म्हणून पाठवलं होतं, ती हुकुमाबाहेर बोलली."

"नोकर म्हणून," अधिकारी बाईंचं पेन थांबलं. "हेच लिहू ना?"

"नोकर नाही. कमिशनवर... एजंट समजा."

आता बळीराम पुढे सरकला. "एजंट म्हणा, दलाल म्हणा, बहीण म्हणा भैयाजी," तो म्हणाला, "पाठवलं तं तुम्हीच ना गा. मी का तिले स्वप्नात पाहून ताणा चढवला?"

अधिकारी बाईंनी चष्मा काढला. साड्यांचा वाद माझ्याकडे नाही, त्या म्हणाल्या, तो दिवाणी कोर्टाचा. पण एक ऐकून ठेवा. ज्याला आपण आपला माणूस म्हणून पुढे करतो, त्याने आपल्या नावाने दिलेला शब्द आपल्याला पाळावा लागतो. तो घरचा की पगारी, याने फरक पडत नाही. आतून तुम्ही त्याला काय मर्यादा घातली होती, ते समोरच्याला कसं कळणार? आणि राहिली नोकरी. रोज यायचं, तुम्ही सांगाल ते करायचं, महिन्याला पगार घ्यायचा, याला नोकरीच म्हणतात. पत्र दिलं नाही म्हणून ती नाहीशी होत नाही. उलट पत्र का दिलं नाही, याचं उत्तर तुम्हालाच द्यायचं आहे.

पुढची तारीख मिळाली. बाहेर व्हरांड्यात भैयाजींनी दोघांना गाठलं. आवाज आता मऊ होता.

"बळीराम, तुहा सगळा माल मी उचलतो. आजच. फक्त प्रेमिलानं लिहून द्यावं का आपल्या खुशीनं काम सोडलं. बस. तिघंही मोकळे."

बळीरामच्या घरात परत नेलेल्या गठ्ठ्यांमुळे झोपायला जागा उरली नव्हती, माग रिकामे होते, हे साक्षीसाठी बोलवायला गेली तेव्हा प्रेमिलाने पाहिलं होतं. शब्द तिचा होता. एका सहीने तो पुरा होणार होता.

"तुम्ही सांगा भाऊ," ती म्हणाली. "तुम्ही म्हणसान तं देतो लिहून."

बळीराम भिंतीला टेकला. दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "मले माल विकाचा आहे बाई," तो म्हणाला. "तुम्हाले नाही." मग भैयाजींकडे वळला. "आत जे बोलले ते मॅडमनं लिहून घेतलं. मी तेच घेऊन कोर्टात जातो. येता का तिथं एजंट कोणाले म्हणते ते सांगाले?"

भैयाजी मोटारीकडे गेले, आत बसले, पुन्हा उतरले. संध्याकाळपर्यंत बळीरामचे गठ्ठे दुकानात उतरले होते, आणि त्याच्या बदल्यात कोणी काही लिहून दिलं नव्हतं.

सकाळी प्रेमिला आली ती पायरीवर न थांबता सरळ आत गेली. पोरांनी वाट दिली. भैयाजी अंगाऱ्याची पुडी गल्ल्यात ठेवत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"पुढच्या तारखेपर्यंत वर माळ्यावर बस. ह्या जांभळ्या साड्या लाव तिथं. गिऱ्हाइकाशी बोलाचं नाही."

माळा म्हणजे टिनाच्या खाली. मे महिना लागला होता; जिन्याच्या वरच्या पायरीवरूनच भट्टीसारखी आच येत होती. प्रेमिला अर्धा जिना चढली, थांबली, आणि वाकून गल्ल्याकडे पाहिलं.

"भैयाजी, वर पंखा नाही."

"इतके दिवस पोट्टे बसतच होते."

"त्यायलेही पाहिजे होता. त्यायनं मागितला नाही."

खालचा पोरगा साडीच्या घडीत तोंड लपवून ऐकत होता. माळ्यावरचा पोरगा मात्र लपला नाही. कठड्याला रेलून उभा राहिला, कपाळावरचा घाम पुसला.

"लावतो म्हटलं ना," भैयाजी म्हणाले, जरी त्यांनी तसं काही म्हटलं नव्हतं.

"लावा," प्रेमिला म्हणाली आणि जिना उतरली. काउंटरमागची आपली उशी झटकली. पंखा येईपर्यंत खालीच बसते, असं सांगून तिने पहिला जांभळा गठ्ठा सोडला, आणि दारातून आत शिरणाऱ्या दोघी सासू-सुनांसमोर एका झटक्यात साडी उलगडली.